पेशी ऊर्जा साठवत नाही, वाहती ठेवते

म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात बांगडे घेताना आपण डोळे बघतो, कल्ला उचलून आतली लाली बघतो आणि मग अंगावर बोट दाबून बघतो. ताजा बांगडा डोक्याकडून धरून आडवा उचलला तरी शेपटी लोंबत नाही, ताठ राहते. हे घरोघरी ठाऊक असते. पण तो ताठ का असतो? जाळ्यातून काढला तेव्हा तर तो लवचीक होता. जीव गेल्यावर स्नायू सैल पडायला हवेत, ते कडक कसे झाले?

कारण स्नायूला आकसायला जशी ऊर्जा लागते, तशी सैल व्हायलाही लागते. स्नायूच्या पेशीत अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू शेजारी शेजारी असतात. मायोसिनची डोकी अ‍ॅक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात आणि थोडे पुढे पुन्हा पकडतात. यातली पकड सुटण्यासाठी एटीपी नावाचा रेणू मायोसिनला येऊन चिकटावा लागतो. मासा मेला की रक्त थांबते आणि ऑक्सिजन येईनासा होतो. स्नायूत साठवलेले ग्लायकोजेन मोडून थोडा वेळ एटीपी बनत राहते. तेही संपले की पकडलेली डोकी पकडलेलीच राहतात आणि मासा ताठ होतो. जाळ्यात फार वेळ तडफडलेला मासा लवकर ताठ होतो, कारण त्याचा साठा जिवंतपणीच खर्च झालेला असतो. पुढे पेशीतलीच एन्झाइम्स प्रथिने कुरतडू लागतात आणि मासा परत मऊ पडतो. तो मऊपणा शिळेपणाचा. बर्फ हे सगळे लांबवते.

चवीचाही संबंध इथेच आहे. मेलेल्या माशातले एटीपी टप्प्याटप्प्याने मोडत आयएमपी नावाच्या रेणूपर्यंत येते. ताज्या मासळीला जी रुचकर चव असते तिच्यात या आयएमपीचा मोठा वाटा असतो. तेही पुढे मोडले की शेवटी हायपोझँथिन तयार होते, आणि ते कडवट असते. मासळी किती ताजी हे प्रयोगशाळेत ठरवायचे तर याच रेणूंचे एकमेकांशी असलेले प्रमाण मोजतात.

म्हणजे जिवंत आणि मेलेला यांतला फरक बऱ्याच अंशी एका रेणूच्या पुरवठ्याचा आहे, आणि तो पुरवठा दर क्षणी चालू ठेवावा लागतो. या लेखात मला मुख्यतः हेच सांगायचे आहे. ऊर्जा हा शब्द ऐकला की आपल्या मनात साठ्याचे चित्र उभे राहते: शरीरात ऊर्जा ‘भरलेली’ आहे, ती ‘संपते’, पावडरचा डबा आणला की पुन्हा ‘भरते’. पेशीचा कारभार असा चालत नाही.

एटीपी म्हणजे अ‍ॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट. अ‍ॅडेनोसिनच्या एका टोकाला फॉस्फेटचे तीन गट ओळीने जोडलेले असतात. शेवटचा गट सुटला की उरते एडीपी, म्हणजे दोन फॉस्फेटवाले. आणखी एक सुटला की एएमपी, एकच फॉस्फेट असलेले. ही तीन नावे लक्षात असू द्या. पुढचे सगळे नियंत्रण यांच्याच भोवती फिरते. एटीपीचा शोध १९२९ सालचा. जर्मनीत कार्ल लोमान आणि अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो स्वतंत्रपणे लावला. सुब्बाराव मूळचे आंध्रातल्या भीमवरमचे. स्नायूतला क्रिएटिन फॉस्फेट हा दुसरा महत्त्वाचा रेणूही त्यांनी आणि फिस्के यांनीच १९२७ मध्ये जगापुढे आणला होता. आपल्या शाळांतल्या पुस्तकांत त्यांचे नाव ठळकपणे यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

प्रौढ माणसाच्या अंगात कुठल्याही क्षणी असलेले एटीपी सगळे मिळून पन्नास ते शंभर ग्रॅम भरेल. आणि दिवसभरात आपण वापरतो ते साधारण आपल्या वजनाइतके! हे जमते, कारण तोच रेणू मोडतो, पुन्हा जोडला जातो, पुन्हा मोडतो, असे दिवसाला हजारेक वेळा होते. हृदयाच्या स्नायूत नवे एटीपी बनणे अचानक थांबले, तर शिल्लक असलेले काही सेकंदच पुरेल. पाठ्यपुस्तकांत एटीपीला ‘ऊर्जेचे चलन’ म्हणतात. मला ते नाव पसंत नाही, कारण चलन म्हटले की साठवून ठेवण्याची कल्पना आपोआप येते. एटीपी साठवले जात नाही. साठवण चरबीत आणि ग्लायकोजेनमध्ये होते.

आणखी एक समज दुरुस्त करायला हवा. एटीपीच्या शेवटच्या बंधात ऊर्जा कोंडलेली असते आणि बंध तुटला की ती बाहेर पडते, असे सर्रास सांगितले जाते. खरे म्हणजे कुठलाही रासायनिक बंध तोडायला ऊर्जा द्यावीच लागते. एटीपीची पाण्याशी अभिक्रिया होऊन जे पदार्थ बनतात ते जास्त स्थिर असतात, म्हणून एकूण हिशेबात ऊर्जा मोकळी होते. किती होते, हे पेशीने एटीपी आणि एडीपी यांचे प्रमाण किती विषम ठेवले आहे यावर ठरते. प्रमाणित परिस्थितीत मोलमागे ३०.५ किलोज्यूल, जिवंत पेशीत सुमारे ५०. रेणू तोच, पण पेशीत तो जास्त काम करतो, कारण पेशी त्याला समतोलापासून फार दूर धरून ठेवते. सगळे समतोलाला आले, तर एटीपी असूनही त्यातून काम निघणार नाही.

काजूच्या रसातले यीस्ट

मार्च ते मे या दिवसांत सत्तरी, डिचोली, पेडणे या भागांत फिरलात तर काजूच्या बोंडूंचा आंबूस-गोड वास रस्त्यापर्यंत येतो. बोंडू तुडवून काढलेला रस दोन-तीन दिवस आंबवतात, मग भाटीवर चढवतात. पहिल्या वेळी मिळतो तो हुर्राक, पुढच्या वेळी फेणी. आंबणाऱ्या रसाच्या भांड्याशी कान नेला तर बारीक चुरचुर ऐकू येते आणि वर फेस धरलेला दिसतो. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे फुटत असतात. रसातले यीस्ट साखर मोडत असते, आणि ते मद्य बनवण्यासाठी चाललेले नसते. यीस्टला हवे असते एटीपी.

ग्लुकोजच्या एका रेणूत सहा कार्बन असतात. पेशी त्याचे दहा पायऱ्यांत दोन तुकडे करते, प्रत्येकी तीन कार्बनचे. या तुकड्यांना पायरुव्हेट म्हणतात आणि या सगळ्या वाटेला ग्लायकोलिसिस. हिच्यातून निव्वळ दोन एटीपी हाती लागतात. तितकेच. वाटेत ग्लुकोजमधून निघालेले इलेक्ट्रॉन एनएडी नावाच्या वाहक रेणूवर चढतात. हे वाहक पेशीत मोजकेच असतात. ते कुठेतरी रिकामे झाले नाहीत, तर पुढच्या ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन घ्यायला कोणी उरत नाही आणि सगळी वाट बंद पडते.

ऑक्सिजन नसताना यीस्ट एक तोडगा काढते. पायरुव्हेटमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकते आणि उरलेल्या भागावर वाहकांवरचे इलेक्ट्रॉन उतरवते. त्याचे होते इथेनॉल. म्हणजे हुर्राकातले मद्य ही यीस्टच्या दृष्टीने वाहक रिकामे करण्याची जागा. पोदेराच्या, म्हणजे पाव भाजणाऱ्याच्या, पिठात हेच चालते, फक्त तिथे आपल्याला हवा असतो तो वायू, पाव फुगवायला. पूर्वी त्यासाठी माडाची सूर घालत.

आपल्या स्नायूंनाही हा मार्ग माहीत आहे. धावत बस गाठताना ऑक्सिजन पुरेशा वेगाने पोचत नाही, तेव्हा स्नायू पायरुव्हेटवरच इलेक्ट्रॉन उतरवतात आणि लॅक्टेट बनते. लॅक्टेट हा कचरा समजला जातो, व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखते त्याचा दोषही त्याच्यावर जातो. दोन्ही चूक. हृदय लॅक्टेट इंधन म्हणून वापरते, यकृत त्याचे पुन्हा ग्लुकोज करते, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते रक्तातून केव्हाच निघून गेलेले असते. दुखतात ते बारीक इजा झालेले स्नायूतंतू.

लुई पाश्चरला एकोणिसाव्या शतकातच दिसले होते, की हवा मिळणारे यीस्ट तेवढ्याच वाढीसाठी पुष्कळ कमी साखर खाते. हवा बंद केली की साखर भराभर संपू लागते. पेशी इंधन जाळण्याचा वेग स्वतः बदलते, याचे हे सुरुवातीचे निरीक्षण. ती तो कसा बदलते हे कळायला पुढे जवळजवळ शंभर वर्षे गेली.

पटलापलीकडचा दाब

पुन्हा बांगड्याकडे या. साफ करून, कातडी सोलून पाहिला तर कुशीच्या मधोमध, कातडीलगत, डोक्यापासून शेपटीपर्यंत गडद तांबूस मांसाची पट्टी दिसते. बाकीचे मांस फिकट. बांगडा थव्याने सतत पोहणारा मासा. त्याचे संथ, न थांबणारे पोहणे या तांबड्या स्नायूंवर चालते. त्यांत ऑक्सिजन धरून ठेवणारे मायोग्लोबिन भरपूर असते आणि तंतुकणिका खच्चून भरलेल्या असतात. फिकट स्नायू झटक्याच्या पळण्यासाठी. त्यांचे काम मुख्यतः ग्लायकोलिसिसवर भागते, आणि ते लवकर दमतात.

तंतुकणिका म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया. अब्जावधी वर्षांपूर्वी या स्वतंत्र जिवाणू होत्या आणि दुसऱ्या पेशीत वस्तीला आल्या. याची खूण आजही आहे: त्यांचा स्वतःचा डीएनए. माणसात तो १६,५६९ अक्षरांचा, ३७ जनुकांचा असतो आणि आईकडूनच येतो. पायरुव्हेट आणि चरबीतली आम्ले इथे येऊन पूर्णपणे मोडली जातात. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये मांडलेले जे चक्र बारावीची मुले धास्तीने पाठ करतात, ते इथलेच. आपल्याला त्यातले इतकेच पुरे: कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर जातो आणि इलेक्ट्रॉन वाहकांवर चढतात.

हे इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलात बसवलेल्या प्रथिनांच्या साखळीवरून एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळतात. ऑक्सिजनचे पाणी होते. आपण श्वास घेतो तो जवळजवळ सगळा या शेवटच्या पायरीसाठी. सायनाइड हीच पायरी अडवते, म्हणून रक्तात ऑक्सिजन असूनही माणूस गुदमरतो.

साखळीवरून इलेक्ट्रॉन जाताना जी ऊर्जा सुटते तिच्यातून लगेच एटीपी बनत नाही. कित्येक वर्षे शास्त्रज्ञ इलेक्ट्रॉनची साखळी आणि एटीपी यांना जोडणारा एखादा रासायनिक पदार्थ शोधत होते. तो कोणालाच सापडत नव्हता. १९६१ मध्ये पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने सांगितले, की असा पदार्थ नाहीच. साखळीतली प्रथिने प्रोटॉन पटलाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलतात, आणि दोन बाजूंमधला फरक हीच ती ऊर्जा. सुरुवातीला फार थोड्यांना हे पटले. १९७८ मध्ये याच कल्पनेसाठी त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

ज्याने मांडवी-झुवारीच्या काठची खाजनशेती, म्हणजे खाडीलगत बांध घालून राखलेली शेती, पाहिली आहे त्याला हे चटकन समजेल. बांधाच्या दोन्ही बाजूंना पाणीच असते. ओहोटीला खाडीची पातळी उतरते, आतले पाणी उंच राहते आणि मानशीच्या, म्हणजे बांधात पाण्यासाठी ठेवलेल्या वाटेच्या, अरुंद दारातून ते जोराने बाहेर धावते. तिथेच जाळे लावून मासे धरतात. जोर पाण्यात नसतो, पातळीतल्या फरकात असतो. तो फरक टिकतो बांधामुळे, आणि जोर एकाच दारातून मिळतो म्हणून कामाला येतो. तंतुकणिकेत पटल हा बांध, प्रोटॉन हे पाणी, आणि मानशीच्या जागी एटीपी सिंथेज नावाचे प्रथिन.

या पटलाची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागापेक्षाही कमी, आणि दोन बाजूंमधला विद्युतदाब सुमारे दीडशे ते पावणेदोनशे मिलिव्होल्ट. आकडा लहान वाटतो. पण इतक्या पातळ पटलावर तो म्हणजे मीटरमागे जवळपास तीन कोटी व्होल्ट. एटीपी सिंथेजमधून प्रोटॉन उतरताना त्याचा एक भाग अक्षरशः फिरतो. आपल्या तंतुकणिकांत आठ प्रोटॉन गेले की एक फेरा पुरा होतो आणि एका फेऱ्यात तीन एटीपी तयार होतात. हे फिरणे फक्त अनुमान राहिलेले नाही. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी या प्रथिनाच्या फिरत्या दांड्याला चमकणारा तंतू चिकटवला आणि तो गरगर फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याच वर्षी या प्रथिनाच्या कामाबद्दल पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना नोबेल मिळाले. ग्लायकोलिसिसचे दोन एटीपी आठवतात? ऑक्सिजनसह ग्लुकोज पुरते जाळले की सगळे मिळून तीसच्या आसपास मिळतात.

बांधाला भगदाड पडले तर काय होईल, याचेही उत्तर मिळालेले आहे. तान्ह्या बाळांच्या पाठीत, मानेजवळ तपकिरी चरबी असते. तिच्या तंतुकणिकांत प्रोटॉनना परत यायला एक वेगळी वाट ठेवलेली असते. एटीपी न बनता ऊर्जा उष्णता होऊन निघते आणि बाळ उबदार राहते. तिथे ते मोजूनमापून होते. डायनायट्रोफेनॉल हे रसायन मात्र सगळ्याच पेशींत अशी वाट पाडते. १९३० च्या दशकात अमेरिकेत ते वजन उतरवण्यासाठी विकले गेले. वजन खरेच उतरत होते, आणि माणसे ताप चढून मरत होती, काहींना मोतीबिंदू होत होते. १९३८ मध्ये ते माणसांसाठी घातक म्हणून बंद झाले. तरी आजही कुठे कुठे चोरून विकले जाते आणि तरुण मुले त्याला बळी पडतात. ‘चरबी जाळणारी’ कुठलीही पूड अशा वाटांनी विकत घेऊ नका.

ऑक्सिजनची जागा दुसरे कोणी घेऊ शकते का? आपल्यात नाही, पण जिवाणूंत हो, आणि त्याचा मोठा पसारा आपल्याच समुद्रात आहे. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटर खोलीपर्यंत ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या पाण्याचा थर आहे. तिथले जिवाणू इलेक्ट्रॉन नायट्रेटवर उतरवतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात कमी ऑक्सिजनचे पाणी वर सरकून आपल्या किनाऱ्याजवळच्या उथळ भागातही येते. नायट्रेट संपले की सल्फेटची पाळी, आणि मग सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. चोडणच्या तिवरांच्या चिखलात पाय रुतला की जो वास येतो तोच. दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ या पाण्याचा कित्येक वर्षे अभ्यास करत आले आहेत, कारण या प्रक्रियेत नायट्रस ऑक्साइड हा हवामान तापवणारा वायूही सुटतो.

मागणी आणि पुरवठा

आता या विषयातला माझ्या मते सर्वांत सुंदर भाग. खुर्चीत बसलेला माणूस उठून जिना चढू लागला, की मांडीच्या स्नायूतला एटीपीचा खर्च कित्येक पटींनी वाढतो. जिवाच्या आकांताने पळताना तो शंभर पटींपर्यंतही जाऊ शकतो. असे असून स्नायूतल्या एटीपीची पातळी जेमतेम हलते. हृदयाचे तर त्याहून नवल: काम किती का वाढेना, एटीपी जवळजवळ जिथल्या तिथे. पेशीला आधीपासून कसे कळते?

आधीपासून कळत नाहीच. खर्चच मागणी नोंदवतो. एटीपी मोडले की एडीपी तयार होते, आणि एटीपी सिंथेजला काम करायला हवे असते ते एडीपीच. एडीपी नसेल तर ते थांबते, प्रोटॉन पलीकडे साचतात, त्यांच्याविरुद्ध आणखी प्रोटॉन ढकलणे साखळीला जड जाते, इलेक्ट्रॉन रेंगाळतात आणि ऑक्सिजन कमी लागतो. तुम्ही पाऊल उचलता, एडीपी वाढते, आणि ही सगळी रांग आपोआप चालू लागते. कोणी हुकूम द्यावा लागत नाही.

पहिल्या काही सेकंदांसाठी क्रिएटिन फॉस्फेट आपला फॉस्फेट एडीपीला देऊन वेळ निभावते. एडीपी तरीही वाढत राहिले, तर एक एन्झाइम दोन एडीपींपासून एक एटीपी आणि एक एएमपी बनवते. पेशीत एएमपी एरवी अगदी थोडे असते, म्हणून एटीपी दहा टक्के जरी घटले तरी एएमपी काही पटींनी वाढते. पेशी एटीपी मोजत बसत नाही, एएमपीकडे लक्ष ठेवते. जे मुळात थोडे आहे त्यातली वाढ लगेच जाणवते.

ही वाढ दोन ठिकाणी वाचली जाते. ग्लायकोलिसिसच्या वाटेवर फॉस्फोफ्रुक्टोकायनेज नावाचे एन्झाइम आहे. एटीपी मुबलक असेल तर तेच त्याला अडवते, एएमपी वाढले की अडसर निघतो. पाश्चरला दिसलेल्या गोष्टीचे एक मोठे कारण हेच: हवा मिळाली, एटीपी भरपूर झाले, साखरेची वाट आखडली. दुसरी जागा एएमपीके या एन्झाइमची. ते जागे झाले की पेशी चरबी आणि कोलेस्टेरॉल बनवण्यासारखी, लांबणीवर टाकता येणारी कामे थांबवते, ग्लुकोज आत घेते आणि चरबी जाळू लागते. हे रोज होत राहिले तर काही आठवड्यांत स्नायूत तंतुकणिकांची संख्याच वाढते.

खर्चाची बाजू पाहिली तर अंगमेहनत हा तिचा एक भाग झाला. स्वस्थ पडून असतानाही प्रत्येक पेशी सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलत असते, एका एटीपीमागे तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. हा पंप डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंत शोधला, आणि त्यासाठी त्यांनाही १९९७ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. विश्रांतीतल्या शरीराच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त या एका कामावर जातो. मेंदू वजनाने दोन टक्के, ऊर्जा घेतो वीस टक्के, आणि तिचा मोठा भाग याच पंपावर. खाजनातल्या कोरगुट भातालाही खाऱ्या जमिनीत हीच कसरत करावी लागते: मीठ पेशीच्या नाजूक भागाबाहेर ठेवायचे, आणि त्याची किंमत एटीपीत मोजायची.

चहा-कॉफीबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. एटीपी मोडत मोडत शेवटी अ‍ॅडेनोसिन उरते. जागेपणी मेंदूत ते साचत जाते आणि झोपेची ओढ लावते. कॅफीन अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवून बसते, म्हणून तरतरी येते. कॉफीने ऊर्जा दिलेली नसते, फक्त थकव्याचा निरोप पोचू दिलेला नसतो. झोपेची गरज तशीच शिल्लक राहते.

आतापर्यंतचे सगळे एका पेशीपुरते. पण पेशींना एकमेकींशीही जुळवून घ्यावे लागते, आणि ते काम संप्रेरके करतात. उपाशीपोटी आपल्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असते चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. यकृतात ग्लायकोजेन शंभरेक ग्रॅम, स्नायूंत चारशेच्या आसपास, बाकी सगळी साठवण चरबीची. जेवल्यावर इन्सुलिन स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना ग्लुकोज आत घ्यायला सांगते. उपाशी असताना ग्लुकॅगॉन यकृताला ते सोडायला सांगते. इन्सुलिनचा निरोप मिळाला की स्नायूच्या पेशीत आत पडून असलेली ग्लुट-४ नावाची प्रथिने पृष्ठभागावर येतात आणि त्यांच्यातून ग्लुकोज आत शिरते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात हा निरोप नीट ऐकला जात नाही. ग्लुकोज बाहेर साचते, आत पेशी तिच्या वाट्यापासून वंचित.

गोव्यात हे फार जवळचे दुखणे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. देशात प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, आणि गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. चारांत एक. आपल्यापैकी कोणाच्याही घरी जेवायला बसलेल्या पंगतीत हे दिसते.

म्हणून ग्लुट-४ बद्दलची एक गोष्ट प्रत्येकाला माहीत असावी. ती प्रथिने पृष्ठभागावर आणण्याचा दुसरा मार्गही आहे, आणि त्याला इन्सुलिन लागत नाही. स्नायू आकसू लागला की एएमपीके आणि आकसण्याशी जोडलेले इतर संकेत त्यांना वर आणतात. इन्सुलिनचे न ऐकणारा स्नायूसुद्धा हे ऐकतो. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे चालले तर रक्तातली साखर कमी चढते, ती यामुळे. मांड्यांचे स्नायू शरीरात सर्वांत मोठे, तेव्हा चालणे, जिना चढणे, उठाबशा यांचा फायदा जास्त. इन्सुलिन घेणाऱ्यांनी किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी व्यायामाची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी, कारण दोन्ही परिणाम एकत्र आले तर साखर फार खाली जाऊ शकते. चालून आल्यावर स्नायूंचे इन्सुलिनला ऐकणे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास सुधारलेले राहते, मग हळूहळू पूर्ववत होते. मधुमेही माणसाने सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये असे डॉक्टर सांगतात, ते या हिशेबाने.